निरोगी बीजांची बातमी

पुस्तकांच्या बांधणीखान्यात ती छापील पानांचे फर्मे जुळवत असताना फोन आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही दुपारी बोलावलं होतं. हाताला लागलेली खळ कशीबशी धुऊन ती निघाली. नवरा दवाखान्याच्या दारात आधीच येऊन उभा होता.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नाही म्हणजे दोष बाईचा, हा त्या घरातला न लिहिलेला कायदा. सुया, गोळ्या सगळं तिनेच सोसलं. शेवटी तिची बीजं काढून तपासायचं ठरलं, तेही नवऱ्याच्या हट्टाने. एकदा सोक्षमोक्ष लागू दे, म्हणाला. त्याच्या तपासणीचा विषय निघाला की मात्र त्याला हटकून कामं आठवत.

ही तपासणी कशासाठी, ते तिला चटकन उमगलं होतं. पुस्तकात एखादा फर्मा गळला किंवा दोनदा लागला, की गोष्ट पुढे सरकत नाही. बीजातही गुणसूत्रं कमीजास्त झाली, की गर्भ बहुधा धरत नाही, धरला तरी टिकेलच असं नाही.

"बहुतेक बीजं चांगली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने भरल्या डोळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"पुन्हा तपासता येतील का?" त्याने विचारलं.

चांगली बातमी कुणी पुन्हा तपासायला सांगतं का? आता तपासणी तुमची, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, तसा तो उठून बाहेर पडला.

तिने त्याला जिन्यात गाठलं. तो बोलायला तयार नव्हता आणि ती हलायला. अखेर त्याने सांगून टाकलं. दोष त्याच्यात होता आणि तो लग्नाआधीच कळला होता. तिचीही बीजं खराब निघाली असती, तर पुढे कुणी काही विचारलं नसतं.

"आईंना माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

त्याचं खोटं तिने कदाचित पोटात घातलंही असतं. पण 'आमच्या नशिबी खडकाळ जमीन' हा रोजचा टोमणा सासूबाई सगळं जाणून मारत होत्या, हे तिच्या घशाखाली उतरेना.

घरी सासूबाई आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, घेऊन निकालाची वाट पाहत होत्या. दोघं आत येताच सासूबाईंनी विचारलं, "काय, हिच्यातच खोट ना?" नवरा चपला काढण्यात गुंतला.

"माझी बीजं चांगली आहेत," ती म्हणाली. "खोट कुठे आहे, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला आत ओढलं. नवऱ्याचं उणं बायकोने झाकायचं असतं, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं हलक्या आवाजात समजावू लागल्या.

"आठ वर्षं न कळता झाकलं, आई. आता कळून नाही झाकणार."

दंड सोडवून ती बाहेर आली. लहान मुलाला समजावतात तसं, सावकाश, तिने मावशींना सगळं सांगितलं.

मावशींनी हातातला कप खाली ठेवला. "ताई, वांझेची सावली नको, या तुझ्या शब्दावर मी माझ्या नातवाला हिच्याजवळ जाऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "तो विचारायचा, काकू मला का घेत नाही. आता त्याला काय सांगू?"