सरांची त्रिज्या

सरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मग पक्षाघाताचा झटका आला, ते अंथरुणाला खिळले आणि डोक्यातले रोजचे शब्द कापरासारखे उडून गेले. राहिले ते फक्त फळ्यावरचे. पाणी मागायला जावं तर तोंडातून 'बेरीज' यायचं, खिडकी लावा म्हणायला जावं तर 'चौकोन'. झोप आणि जाग यांत आता फारसा फरक उरला नव्हता. दुपारच्या उन्हात छताखाली अपूर्णांक तरंगायचे, भिंतींच्या कोपऱ्यांत काटकोन दबा धरून बसायचे, आणि जुने विद्यार्थी भेटायला आल्यासारखे सर त्यांच्याकडे बघत पडून राहायचे. तसं बरं चाललं होतं म्हणायचं.

एकच गोष्ट जिवाला लागली होती. बायको जवळ बसत नव्हती. डॉक्टर म्हणाले, त्यांना आराम करू द्या, आणि तिने ते ब्रह्मवाक्य मानलं. औषध द्यायची, चादर बदलायची, पलंगाभोवती दिवसभर पाय न वाजवता फिरायची. पण काम झालं की तिची खुर्ची भिंतीला. चुकून धक्का लागला तर, या काळजीने ती अर्धी झाली होती. सरांना म्हणायचं होतं, अगं, ये, बस इथे. तोंडातून निघालं, "त्रिज्या."

तिने कंपासपेटी आणून दिली. सर 'त्रिज्या, त्रिज्या' करतच राहिले, तेव्हा पट्टी आली, मग चष्मा, मग मफलर. जन्मभर हे शब्द तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडले होते, त्याचा आता तिला पश्चात्ताप होत होता. शेवटी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. सरांना ते ऐकू आलं. स्वतःच्या जिभेचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

नात उद्याच्या चाचणीसाठी सरांच्या खोलीत येरझारा घालत व्याख्या घोकत होती. परीघ, व्यास, जीवा. "त्रिज्या म्हणजे वर्तुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर," ती म्हणाली आणि थबकली. आजोबांनी चांगला हात उचलून आधी स्वतःच्या छातीवर ठेवला होता, आणि मग भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं होतं.

आजी डोळे पुसत दारात आली होती.

"आजी, ते काही मागत नाहीयेत गं," नात म्हणाली. "तू किती लांब बसतेस ते सांगतायत."

आजीने खुर्ची उचलून थोडी पुढे आणली. सरांनी नाही म्हणून मान हलवली. तिने आणखी पुढे आणली. पुन्हा तशीच मान हलली, वर्गात कुणाचं उत्तर अर्धवट असलं की हलायची तशी. मग ती खुर्ची सोडून पलंगावरच बसली आणि घाबरत घाबरत त्यांचा हात हातात घेतला.

छताखालचे अपूर्णांक कुठल्या कुठे निघून गेले. सर बराच वेळ त्या हाताकडे बघत शब्द शोधत राहिले.

"शून्य," ते म्हणाले.

या वेळी नातीला अर्थ सांगावा लागला नाही.