दोन मिनिटांचं डिझेल

"भावोजी, ती गाडी आधी बंद करा," मी खिडकीतून म्हणालो.

"बंद करायची तर आधी दोन मिनिटं डिझेलवर चालवावी लागेल रे. त्यापेक्षा समोरून तेलाचे दोन डबे उचलतो आणि निघतो," भावोजी म्हणाले, आणि रिकामे डबे घेऊन समोरच्या हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेलेसुद्धा. गाडी माझ्या वर्कशॉपसमोर धडधडत राहिली आणि तळलेल्या बटाट्यांचा वास थेट माझ्या पंपाच्या खोलीत शिरला.

ही खोली म्हणजे माझा जीव की प्राण. डिझेल इंजिनाचा पंप इथे उघडला जातो. पंपातले भाग एकमेकांत इतके चपखल बसलेले असतात की मध्ये धुळीचा कण गेला तरी ओरखडा उठतो. म्हणून चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, मग आत यायचं. टेबलावर रोज धुतलेलं पांढरं कापड असतं. गिऱ्हाईक आत आलं की आपोआप हळू आवाजात बोलायला लागतं, आणि मला ते आवडतं.

त्या दिवशी एका बस कंपनीचा फोरमन पहिल्यांदाच चार पंप घेऊन आला होता. सहा महिने मी त्याच्या मागे होतो. त्याने नाक मुरडलं आणि विचारलं, "इथे पंप दुरुस्त होतात की खानावळ चालते?"

मी हसलो. तो हसला नाही. "विचार करून कळवतो," म्हणाला आणि चारही पंप उचलून घेऊन गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भावोजींची गाडी तेलावर चालायची. हॉटेलात तळून तळून काळं झालेलं, फेकून द्यायचं तेल. फुकटचं ते पौष्टिक. ते आणायचं, पिंपात महिनाभर निवळत ठेवायचं, वरचं वर काढून जाड कापडातून गाळायचं. गाळायच्या पिशव्या ताई शिवायची, जुन्या पॅन्टींच्या. माझी कॉलेजातली पॅन्ट मी एकदा त्यांच्या अंगणात पिंपावर टांगलेली ओळखली. एका पायातून तेल ठिबकत होतं. त्यात पाणी राहिलंय का ते बघायला ताई चमचाभर तेल तापल्या कढईत टाकायची आणि कान लावून उभी राहायची. तडतडलं की पुन्हा निवळत ठेवा. एका पंपवाल्याची मुलगी, आणि ही तिची दशा.

या गाडीतून भावोजी दोन नर्सिंग होमच्या चादरी धुवायला नेत आणि धुतलेल्या परत पोचवत. तिथली मेट्रन एकदा त्यांना म्हणाली होती, "ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले पेशंट तुमची चादर अंगावर घेतली की जेवायला मागतात." भावोजींनी हा किस्सा आमच्याकडे येऊन स्वतःच सांगितला आणि स्वतःच हसले. लाज नावाची गोष्ट त्या माणसाला माहीत नव्हती. गल्लीत त्या गाडीला तळणगाडी म्हणत आणि त्यांना तळणराव. ही दोन्ही नावं मी ठेवली होती.

खरं दुखणं वेगळं होतं. गाडी बाबांची. बाबांनी वर्कशॉप मला दिलं आणि गाडी जावयाला. इथवर ठीक. पण शेवटच्या वर्षी, हात थरथरत असताना, बाबा रोज सकाळी त्या गाडीत जाऊन बसायचे. दुसरी टाकी बसवायला त्यांनीच मदत केली. इंजिनाच्या गरम पाण्यावर तेल कसं तापवायचं हे त्यांनीच शोधलं. आणि माझ्याच लेथवर त्यांनी एक पितळी दांडी घडवली. दांडी उजवीकडे केली की इंजिनात डिझेल जायचं, डावीकडे केली की तेल. गाडी सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की दांडी तेलाकडे. आणि बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलकडे, पुरती दोन मिनिटं, म्हणजे पंपातलं तेल धुऊन निघतं. तसं न करता बंद केली आणि इंजिन गार पडलं, तर पंपात तेल घट्ट होऊन बसतं.

"एवढ्या उठाठेवी कशाला, बाबा?" मी विचारलं होतं. "पंप खराब होणार, आज नाही तर उद्या."

"तुला पंप उघडल्याशिवाय काही कळत नाही," बाबा म्हणाले. "त्याला नुसतं ऐकून कळतं."

बाबा गेले. हे वाक्य माझ्याकडे राहिलं. अकरा वर्षं मी भावोजींना पाण्यात पाहत होतो आणि त्यांचा पंप कधी बसतो याची वाट बघत होतो. ते मात्र कुठेही गाडी थांबवली की आत बसून राहायचे. लग्नाला आले तरी, दवाखान्यात आले तरी. लोक खोळंबायचे. ते काचेतून दोन बोटं दाखवायचे. दोन मिनिटं.

फोरमन गेल्यावर मी बाहेर आलो. भावोजी अजून हॉटेलात होते. गाडीचं दार उघडंच होतं. मी हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. एकदम शांत झालं. दांडी डावीकडे, तेलाकडे होती. ती मला दिसली नाही असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. दिसली होती.

मग मी वर्कशॉपला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि स्कूटरवर बसून घरी गेलो. येतील मागायला, असा विचार केला. एकदा तरी माझ्या दारात हात जोडून येऊ देत.

ते आले नाहीत. दोनदा फोन वाजला. भावोजींचं नाव बघून मी फोन पालथा घातला आणि चहा घेतला. थंडीचे दिवस, पाच वाजताच अंगावर काटा येत होता.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने सांगितलं. ताई घरातली दुसरी किल्ली घेऊन चालत आली, तोवर दोन तास उलटले होते. गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळच्या ऑपरेशनला लागणाऱ्या चादरी होत्या. भावोजींनी दांडी डिझेलकडे केली, हॉटेलातून गरम पाणी मागून तीन वेळा पंपावर ओतलं, हात लावून लावून बघितलं आणि मगच किल्ली फिरवली. इंजिन एकदा जड फिरलं आणि आत काहीतरी कट्कन तुटलं. "तळणराव खाली उतरून नुसते उभेच राहिले," हॉटेलवाला म्हणाला. "मग दोघं नवराबायको चादरींचे गठ्ठे हातगाडीवर घालून घेऊन गेले. दोन खेपा केल्या."

मी सकाळी आलो तेव्हा पंप गाडीतून काढून झाला होता. भावोजी आणि ताई माझ्या पायरीवर बसले होते. पंप एका धुतलेल्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता.

"किल्ली राहिली तुझ्याकडे," भावोजी म्हणाले. एवढंच. आवाज नेहमीसारखाच.

मी किल्ली दिली. वर म्हणालो, "किल्लीने काही होत नसतं भावोजी. अकरा वर्षं तळण पाजलंत त्याला. आत राळेचा थर बसला असणार. काल नाही तर आज जाणारच होता. या आत, तुमच्यासमोरच उघडतो. ताई, तू पण ये. बघाच."

मला साक्षीदार हवे होते. दोघांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि टेबलाच्या पलीकडे उभे राहिले, दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तसे. मी पांढरं कापड बदललं. सावकाश, एकेक स्क्रू मांडत, पंप उघडला. पंपाला फिरवणारा शाफ्ट मधोमध तुटला होता, ते बाहेरूनच कळत होतं. पण शाफ्ट हा एक भाग. आतला रोटर खराब असेल तर सगळा पंपच भंगार, आणि खोट माझ्या हाताची नाही, तेलाची. मी रोटर बाहेर काढला.

तो लखलखीत होता.

कालचं घट्ट झालेलं पिवळट तेल तेवढं एका कडेला होतं. ते पुसलं आणि खाली आरसा. शुद्ध डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांचे पंप मी रोज उघडतो. इतका स्वच्छ रोटर मला वर्षात एखादा दिसत असेल. अकरा वर्षांत, दिवसातून दहादा, हा माणूस एकदाही ती दोन मिनिटं विसरला नव्हता. एकदाही त्याने घाई केली नव्हती. फक्त काल पंप न धुता बंद झाला होता, आणि तो मी बंद केला होता.

"काय आहे?" ताईने विचारलं.

माझ्या डाव्या हाताला तीन खण आहेत. दुसऱ्या खणात, मेणकागदात गुंडाळलेला, याच पंपाचा एक नवा शाफ्ट होता. हे शाफ्ट आता कुठे मिळत नाहीत. बाबांनी तो जपून ठेवला होता आणि जाताना मला सांगितलं होतं, गाडीला कधीतरी लागेल. तो बसवायला मला दुपारपर्यंतचा वेळ लागला असता. संध्याकाळी गाडी चादरी घेऊन गेली असती.

"राळ आहे," मी म्हणालो. "पंप गेला."

का म्हणालो? त्या क्षणी खरं बोललो असतो तर अकरा वर्षं मी मूर्ख ठरलो असतो, आणि बाबा बरोबर. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही नव्हतं.

भावोजींनी मान हलवली. "असेल," ते म्हणाले. "एखाद्या वेळी राहून गेलं असेल माझ्याकडून."

ताई वाकली, रोटरवरून बोट फिरवलं आणि ते बोट पांढऱ्या कापडावर दाबून ओढलं. कापडावर डाग पडला नाही. तिने दुसऱ्या बाजूने बोट फिरवलं, पुन्हा कापडावर ओढलं. तिथेही काही नाही. लहानपणी आम्ही दोघं बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायचो, तेव्हा पंप साफ झाला की नाही हे बाबा असंच आम्हाला दाखवायचे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू मोजल्यासारखं केलं.

"बाबांनी एक शाफ्ट ठेवला होता ना, या पंपाचा?" तिने विचारलं.

"विकला."

"कधी?"

"झाली असतील चार-पाच वर्षं."

तिची नजर खणांकडे गेली. तिला कुठल्या खणात काय असतं ते माहीत होतं. तिने हात पुढे करून खण उघडावा असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. म्हणजे मला काही करावं लागलं नसतं. पण ती बाबांची मुलगी होती. दुसऱ्याच्या खोलीतला खण ती उघडणार नव्हती.

"बरं," ती म्हणाली. मग भावोजींना म्हणाली, "चला हो."

तिने पंपाचे भाग त्या चादरीच्या तुकड्यात पुन्हा गोळा केले. माझं पांढरं कापड तेवढं घडी करून माझ्यासमोर ठेवलं.

पुढचे चार दिवस गाडी माझ्या दारातच उभी होती. वास येत नव्हता. फोरमनचा फोन आला, चार पंप पाठवतो म्हणाला. मी हो म्हटलं. भावोजी हातगाडीवर चादरी नेताना रोज दोनदा समोरून जायचे, आणि जाताना मान हलवून ओळख द्यायचे. ते थुंकले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याने दोर बांधला, ओढून बघितला आणि आवाज दिला, "चला काका, सोडा गाडी."

"दोन मिनिटं," भावोजी म्हणाले.

ते दार उघडून आत बसले. गाडीत पंप नव्हता, सुरू व्हायचा प्रश्नच नव्हता. दांडी डिझेलकडेच होती, तरी त्यांनी ती एकदा चाचपून पाहिली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसून राहिले. भंगारवाल्याने माझ्याकडे बघून, हे काय, अशी मान उडवली. मी खिडकीतून बाजूला झालो.

दुसरा खण मी उघडला. मेणकागदावरच्या दोऱ्याला बाबांच्या हातची गाठ होती. शाफ्ट हातात घेतला आणि दारात आलो. माझ्या दारापासून त्या गाडीपर्यंत बारा पावलं आहेत. अजून दोर नुसता बांधलेला होता. नुसतं, भावोजी थांबा, एवढं म्हणायचं होतं. मी चपला शोधायला लागलो. अनवाणी कसं जायचं बाहेर, असं वाटलं, खरंच तेव्हा मला असं वाटलं. एक चप्पल पायरीखाली गेली होती.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. ते दार जरा वर उचलून लावावं लागायचं, तसंच त्यांनी लावलं.

"झालं," ते भंगारवाल्याला म्हणाले. "न्या आता."

दोर ताणला गेला. मी एका पायात चप्पल घालून दारात उभा होतो.