नुसता न्यूमोनिया

"आई, हात सोड ना. लोक बघताहेत," ऑर्नेला म्हणाली आणि पुन्हा खोकली.

डेल्फिनानं हात सोडला नाही. लेक चांगली चव्वेचाळीस वर्षांची, बेकरीत पीठ मळून दंड कमावलेली. पण एक्स-रेत डाग दिसल्यापासून डेल्फिनाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: कारखान्याच्या फाटकाशी बापाच्या गळ्यात पडणारी आणि भुवयांपर्यंत पांढरी होऊन घरी येणारी चिमुरडी.

पत्र्यांच्या त्या कारखान्यानं अर्धं गाव पोसलं होतं. नवऱ्याचे कपडे डेल्फिना अंगणात झटकायची, मगच भिजत घालायची. ती धूळ अ‍ॅस्बेस्टॉसची, ती वर्षानुवर्षं छातीत दबा धरून बसते आणि शेवटी कॅन्सर करते, हे कळेस्तोवर कारखान्याला टाळंही लागलं. नवरा गेला, दीर गेला. शेजारच्या एवाझियोची बायको तर कारखान्याची पायरीही न चढता एप्रिलमध्ये गेली.

नाव पुकारलं तशा दोघी आत गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुरीनहून नव्यानं आलेल्या.

"न्यूमोनिया आहे. औषधांनी बरा होईल."

"नुसता न्यूमोनिया?"

"नुसता कसा म्हणता, बाई? जपायला हवं."

"पण ते दुसरं... ते नाही ना? नीट बघितलंत?"

"दोनदा बघितलं. ते नाही."

डेल्फिना हसत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसू काही थांबेना.

"मला ताप आहे आणि ही हसतेय!" ऑर्नेला बसमध्ये कुरकुरली.

"तूही हस."

"हसले की खोकला येतो गं!"

कोपऱ्यावरच्या बारमध्ये एवाझियो पत्ते खेळत होता. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? डेल्फिना धुक्याआडून सटकणार, तोच तो दारात उभा.

"काय म्हणाले?"

"न्यूमोनिया," ती चोरी पकडल्यासारखी पुटपुटली.

एवाझियो गर्रकन वळला. "ऐकलंत का रे? पोरीला न्यूमोनिया झालाय!"

पत्ते टेबलावर पडले. टाळ्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "अभिनंदन, ऑर्नेला!" मालकानं सगळ्यांना वाइन ओतली आणि तिच्यापुढे गरम दूध ठेवलं.

"पुढच्या वर्षी सर्दीवर भागव," एवाझियो म्हणाला. ऑर्नेला हसली आणि ठसका लागेपर्यंत खोकली. त्या खोकल्याला आज कुणीही घाबरलं नाही.

"एवाझियो," डेल्फिना हळूच म्हणाली, "तुझ्यासमोर हे असं..."

"गप गं. एक तरी सुटली."

त्यानं पेला अर्धाच ठेवला. अंगातला कोट काढून ऑर्नेलाच्या खांद्यांवर घातला आणि नुसत्या सदऱ्यानिशी धुक्यात पुढे चालू लागला. त्यांच्या इमारतीचं जड दार त्यानं खांद्यानं ढकललं आणि दोघी आत जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं.