हजार नऊ मुलं

स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीसाठी कासामा शहरातल्या चार शाळांची मिळून हजार नऊ मुलं जमली. त्यांच्या ओळी लावायचं काम, गणित शिकवतात म्हणून, कपेम्ब्वा मास्तरांच्या गळ्यात पडलं.

कवायतीचे प्रमुख सिकाझ्वे साहेब, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ओळी सारख्या हव्यात, चौकोन भरलेला हवा, एकही पोर बाहेर लोंबकळता कामा नये. मास्तरांनी दोनाने भागून पाहिलं, तिनाने, पाचाने, साताने, असं करत एकतीसपर्यंत गेले. दर खेपेला काहीतरी उरलंच.

"मूळ संख्या आहे, साहेब. ही फुटत नाही."

"गणिताचे मास्तर तुम्ही, आणि भागाकार जमेना?" सिकाझ्वे साहेब हसले. "एक काढा की."

"काढला तर अठ्ठावीस मुलांच्या छत्तीस ओळी बसतात. पण सगळी घाम गाळतायत हो. त्यापेक्षा गोल केला तर?"

"पाहुणे वरून बघणार, चौकोनच हवा. हजेरीतलं शेवटचं नाव काढा, म्हणजे कुणाचा राग नको."

शेवटचं नाव मिसोझी झिंबा. तिच्या आईने बाजारात वडे तळून झाल्यावर, दिव्याशी बसून, कवायतीसाठी तिचा पिवळा घागरा शिवला होता.

मास्तर संध्याकाळी तिच्या घरी गेले, तेव्हा मिसोझी अंगणात बसली होती. बातमी आधीच पोचलेली. मक्याचा डबा तिने पालथा केला होता आणि दाण्यांच्या ओळी लावल्या होत्या, अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या. एक दाणा बाजूला पडला होता.

"मास्तर, दोष संख्येचा की माझा?"

"संख्येचा."

"मग दुसरं कुणीही गेलं असतं तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

"मग मीच का?"

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "गणित तेवढं सांगत नाही गं."

"तुम्ही सगळे आकडे बघितले?"

"एकतीसपर्यंत."

"पुढचे?"

"पुढचे बघायची गरज नसते. बत्तीस बत्तिसं हजार चोवीस, म्हणजे हजार नऊच्या वर जातात. मोठ्या आकड्याने भाग गेला असता, तर त्याचा जोडीदार लहान निघाला असता. लहान सगळे बघून झाले."

तिने ऐकून घेतलं. मग हाताने ओळी मोडल्या आणि बत्तीस-बत्तीस दाणे मांडायला लागली.

आई चुलीपाशी मक्याच्या पिठाची उन्शिमा घोटत होती, तिने वर पाहिलं नाही. उजेड उतरत चालला होता. मास्तरांना ठाऊक होतं, तिथे काही सापडणार नाही, शंभरापाशीही नाही, पाचशेपाशीही नाही.

"सतरा उरले," मिसोझी म्हणाली. "आता तेहतीस."

मास्तर खाली मातीत बसले आणि तिच्याकडे दाणे सरकवू लागले.