आवाज आधी, ओठ नंतर

मित्रांनो, माझं वय ओळखायचं असेल तर माझी बटणं बघा. आवाजाच्या गोल बटणाभोवतीचे आकडे पुसले गेले आहेत आणि चालू करायचं बटण आता दोनदा दाबावं लागतं. मी एक ॲम्प्लिफायर आहे. आत आलेला बारीक आवाज मोठा करायचा आणि शेजारच्या दोन स्पीकरना द्यायचा, एवढंच माझं काम. माझ्या कपाळावर एका परदेशी कंपनीचं नाव आहे, पण ते खोटं आहे. ती पट्टी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, टेकचंदच्या दुकानात चिकटवली गेली. पोटातला ट्रान्सफॉर्मर एका बंद पडलेल्या यंत्राचा, पत्र्याचं खोकं दुसऱ्याचं, आणि पंखा तर चक्क कॉम्प्युटरमधून काढलेला. स्वतःची ओळखच अशी बनावट असल्यामुळे असेल, मला सगळ्यांचा संशय येतो. ही खोड चांगली नाही, हे मला ठाऊक आहे. पण या गोष्टीत माझ्याहून मोठे संशयी लोक आहेत, तेव्हा मला थोडं सांभाळून घ्या.

मोरिवलीच्या जनूकाकांनी मला घरी आणलं, त्याला सोळा वर्षं झाली. त्यांच्या वाडवडिलांची इथे भातशेती होती. पुढे शेतांच्या जागी कारखाने आले आणि जनूकाका त्यातल्याच एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्र्यावर दिवसभर दणके घालणारं ते यंत्र. एकतीस वर्षं त्याच्याशेजारी उभं राहून काकांचे कान गेले. अगदी ठार नाही. ढोलाचा, ट्रकचा असा जाड आवाज त्यांना कळतो, माणसांचं बोलणं मात्र अर्धंमुर्धं. पण प्रेसवरच्या कामगारांना एक विद्या येते. त्या दणदणाटात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून ते आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. काका त्यात पटाईत. रस्त्यापलीकडे उभं राहून कुणी त्यांची चहाडी करायची सोय नव्हती.

घरी आले की ते माझ्या स्पीकरवर तळहात टेकून बसत. गाणं कानाला जेवढं कमी पडे, तेवढं ते हाताने घेत. कानात घालायच्या मशीनशी त्यांचं कधी जमलं नाही. ती कपाटात गेली आणि मी पुढच्या खोलीत राहिलो, याचा मला फार अभिमान होता. गणपतीत मी वाजलो. काकांच्या मुलाच्या, भूपेशच्या हळदीत तर असा वाजलो की पाहुण्यांनी माझी कंपनी विचारली. मी अर्थातच गप्प बसलो.

पण एक दुपार मला विसरता येत नाही. बारा वर्षांपूर्वीची. काकांची म्हातारी आई मागच्या अंगणात पाय घसरून पडली. तिने हाका मारल्या. काका माझ्यापाशी बसले होते आणि मी वाजत होतो. त्यांची धाकटी बहीण वेणू माहेरी आली होती, ती आतल्या खोलीत होती. कुणीच गेलं नाही. शेजारीण धावत आली तेव्हा आई निपचित पडली होती, आणि चार दिवसांनी ती गेली. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर वेणू म्हणाली की आईने दादाला हाका मारल्या, पण त्याला ऐकायचंच नव्हतं. काकांनी ते वाक्य ऐकलं नाही, तिच्या ओठांवर वाचलं. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहणं सोडलं. ओठ वाचणाऱ्या माणसाने पाठ फिरवली की समोरच्याचं बोलणंच संपतं. पुढच्या वर्षांत वेणू दोनदा दारापर्यंत आली, काकांच्या पाठीशी बोलली आणि बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घरी परत गेली.

आणि मी? मला कायम वाटत राहिलं की ती हाक माझ्याच आवाजाखाली दबली. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मला लावणं बंद केलं. माझ्यावर एक फडकं आलं, फडक्यावर फुलदाणी आली. वर्षानुवर्षं मी एका फुलदाणीचं टेबल होतो. कुणाला सांगायची गोष्ट नाही ही.

या वर्षी भूपेशने भिंतीएवढा टीव्ही आणला. चित्र लखलखीत, पण आवाज इतका किरटा की काकांना काहीच पोचेना. म्हणून भूपेशने फडकं काढलं, मला पुसलं आणि तारा जोडल्या. टीव्हीखाली इंटरनेटचा एक छोटा डबा होता. त्या डब्यातून एक तार चित्रासाठी टीव्हीला गेली, आणि लाल-पांढऱ्या तोंडांची दुसरी तार आवाजासाठी थेट मला आली. काकांनी पुन्हा स्पीकरवर हात ठेवला. थोड्या वेळाने मात्र ते टीव्हीकडे डोळे बारीक करून बघू लागले. दुसऱ्या दिवशीही तसंच. बातम्या सांगणारी बाई खोटं बोलते, असं ते म्हणाले. भूपेशची बायको जिज्ञासा हसली. मी हसलो नाही. मला त्या नव्या टीव्हीचा पहिल्या दिवसापासून संशय होता.

मग वेणूचा व्हिडिओ आला. तिच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो, आणि उन्नतीला सख्खा मामा एकच. वेणूचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, तिला येता येत नव्हतं. म्हणून उन्नतीने आईचं बोलणं फोनवर टिपून भूपेशला पाठवलं होतं. फोनवर वेणूचं तोंड भाताच्या शिताएवढं दिसत होतं. काकांना ते वाचता येणं शक्य नव्हतं. काकांनी स्पीकरवर तळहात टेकला आणि भूपेशने व्हिडिओ टीव्हीवर लावला. वेणूचा आवाज माझ्यातून बाहेर पडला, आणि माझ्या तारा गरम झाल्या.

“जनूदादा, उन्नतीचा लगीन हाय. मामा तूच हायस तिचा. आईची हाक तुला ऐकू नाय आयली, त्यात तुजा दोष नवता. मी तवा वाईट बोल्ले. ये रे.”

काका अर्ध्यातूनच उठले. भूपेशने त्यांना खाली बसवून पुन्हा लावला. ते पुन्हा उठले, आणि मुलाकडे अशा नजरेने बघितलं की मला माझा आवाज गिळावासा वाटला.

“मना फसवतोस काय भूपेश? तोंड वेनूचा हाय, बोलना तिचा नाय. तोंड हालायच्या आधी आवाज येतो.”

हल्ली कॉम्प्युटरवर कुणाच्याही तोंडी काहीही घालतात, हे त्यांनी याच टीव्हीवर पाहिलं होतं. बारा वर्षं जे वाक्य यावं म्हणून माणूस झुरला, तेच वाक्य नेमकं लग्नाच्या तोंडावर आलं, तर त्याला संशय येणारच. भूपेशने वेणूआत्याला फोन लावला, ती हो म्हणाली, मीच बोलले म्हणाली. काकांचं उत्तर तयार होतं, की फोनवर तू ऐकलंस, मी नाही. जिज्ञासाला वेगळीच शंका आली. तिने स्वयंपाकघरात भूपेशला हळूच सांगितलं की बाबांचं डोकं एकदा डॉक्टरला दाखवू या. खरं तर आवाज आणि ओठ यांच्यात इतकं थोडं अंतर होतं, की ओठांवरच नजर ठेवणाऱ्या माणसाशिवाय ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. घरात एकाच माणसाला बरोबर दिसत होतं आणि बाकीचे त्यालाच डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. मला जनूकाकांचा फार कळवळा आला.

भूपेशला मात्र वाटलं की बिघाड माझ्यात असावा. जुना डबा, अडकत असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने कॅम्प तीन गाठलं. तिथल्या बाजारातल्या जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आम्ही टेकचंदच्या दुकानात पोचलो. तो आता पांढऱ्या केसांचा झाला होता. त्याने माझं झाकण काढलं, आत बघितलं, सगळं तपासलं. मला भीती वाटत होती, की खरंच माझ्यातच खोट निघाली तर?

“भूपेश, याच्यात लेट करणारा पार्टच नाही,” टेकचंद म्हणाला. “जे अंदर येतं, तेच त्याच टायमाला बाहेर जातं. हा बेचारा एकदम सच्चा आहे.”

खोटं नाव कपाळावर घेऊन जगलेल्या मला कुणी खरा म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मग टेकचंदने तारा कशा जोडल्यात ते विचारलं, ऐकून मान हलवली आणि स्वतःच आमच्याबरोबर मोरिवलीला आला.

घरी आल्यावर त्याने मला पुन्हा जागेवर जोडलं आणि जिज्ञासाला टाळी वाजवायला सांगून तिचा व्हिडिओ घेतला. तो टीव्हीवर लावला. टाळीचा आवाज माझ्यातून आला, आणि पडद्यावरचे हात त्यानंतर एकमेकांना भेटले. जिज्ञासाचं तोंड उघडंच राहिलं. टेकचंदने समजावलं ते असं. टीव्हीला चित्र मिळालं की तो ते लगेच दाखवत नाही. आधी त्याला नटवतो, रंग चढवतो, कडा साफ करतो. तेवढा पाव सेकंद जातो. आवाज मात्र डब्यातून निघून थेट माझ्याकडे येतो, आणि मी कुणालाच नटवत नाही. म्हणून आवाज घरच्या कपड्यांत आधी पोचतो आणि चित्र सजूनधजून मागून येतं. त्याने लाल-पांढरी तार डब्यातून उपटली आणि टीव्हीच्या पाठीला लावली. आता आवाजही टीव्हीतूनच निघणार होता, चित्र तयार झाल्यावर, त्याच्याच जोडीने. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राची नटवानटवीही त्याने थोडी कमी केली. पुन्हा टाळी लावली. हात आणि आवाज एकदम भेटले.

मित्रांनो, मी आनंदलो. माझा संशय खरा ठरला होता. आता वेणूचा व्हिडिओ लागेल, काकांना पटेल आणि गोष्ट संपेल, असं मला वाटलं. व्हिडिओ लागला. ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळले. काकांचा चेहरा आणखीच कठोर झाला.

“काल जुलत नवता, आज जुलतो,” ते म्हणाले. “म्हंजे कोनीतरी जुलवला.”

टेकचंदने कपाळाला हात लावला. भूपेश पहिल्यांदाच वडिलांवर चिडला, आणि मग जाऊच नका लग्नाला, असं काहीतरी पुटपुटला. काकांनी ते बघितलं असावं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “याचा आवाज बंद करा. आनि तुमी सगले भायेर जा.”

निर्दोष ठरल्यावर तासाभरात मला गप्प करण्यात आलं. वाईट वाटलं. सगळे बाहेर गेले, टेकचंद ओसरीवर चहा प्यायला बसला. काका टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसले आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. ओठ वाचताना ते वाचलेलं हळूच पुटपुटतात. जनूदादा, उन्नतीचा लगीन हाय. मामा तूच हायस. त्यात तुजा दोष नवता. शब्द न् शब्द तेच, जे मी वाजवलं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. ये रे, इथे ते बोलणं संपत होतं.

इथेच दर वेळी भूपेश व्हिडिओ बंद करत असे, कारण पुढे आवाज नव्हता. पण काकांनी बंद केला नाही. वेणूने एकदा फोन धरलेल्या मुलीकडे पाहिलं, मग थेट समोर, आणि तिचे ओठ पुन्हा हलू लागले. आवाजाशिवाय. ती प्रेसवाल्यांची भाषा बोलत होती. दादाचा डबा घेऊन कारखान्याच्या दारात जाणारी लहान वेणू ती भाषा कधीच शिकली होती. टिपणाऱ्या पोरीला वाटलं असेल, आई हुंदका गिळते आहे. तेवढ्या भागात माझ्याकडे काहीही पोचलं नव्हतं, एक ठिपकासुद्धा नाही. मला ते कळलं, ते काका पुटपुटले म्हणून.

“दादा, आईची हाक मना ऐकू आयली होती. मना वाटला, तूच उठशील. मी उठली नाय.”

काकांनी तो तुकडा तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा ते पुटपुटले नाहीत. पदर असता तर त्यांनी तोंडाला लावला असता, नव्हता म्हणून शर्टाची बाही लावली. बारा वर्षं वेणू ते एकटीने घेऊन बसली होती, आणि पोरांसमोर आवाज काढून ते बोलायची तिची हिंमत नव्हती. हे कुणी कॉम्प्युटरवर बनवणं शक्य नव्हतं, कारण बनवणाऱ्याला ते माहीत असायला हवं होतं. मलासुद्धा माहीत नव्हतं. ती हाक माझ्याखाली दबली नव्हती, हे कळून मला हलकं वाटायला हवं होतं. पण काकांकडे बघून तसं वाटलं नाही.

ते ओसरीवर गेले आणि भूपेशला एवढंच म्हणाले की मामाला लग्नात काय काय लागतं त्याची तयारी कर. का पटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. आजपर्यंत कुणालाच नाही. मी तुम्हाला सांगतो आहे, पण तुमच्यापैकी कुणी मोरिवलीत राहत असेल तर त्याने हे विसरून जावं.

लग्न झालं. पुढच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ आमच्या टीव्हीवर लागला. मी जोरात वाजत होतो. फेटा बांधलेले जनूकाका उन्नतीला मांडवात घेऊन आले, मंगलाष्टकं झाली. मग गर्दीतून बाजूला एका खुर्चीपाशी कॅमेरा गेला. खुर्चीत प्लॅस्टरचा पाय पुढे टाकून वेणू, तिच्यासमोर उकिडवे बसलेले काका, आणि दोघांचे ओठ सारखे हलताहेत. मागे बँडचा धुमाकूळ, पण त्या दोघांचा आवाज काही नाही. भूपेश वैतागून उठला आणि माझ्या पाठीमागे हात घालून तार चाचपू लागला. काकांनी त्याला खुणेने खाली बसवलं.

मित्रांनो, घरात आवाज आणि चित्र जुळेनासं झालं तर आम्हा यंत्रांवर किंवा माणसांवर आळ घेण्याआधी तारा कुठून कुठे गेल्या आहेत ते बघा. मला अधूनमधून पुसा, माझ्या डोक्यावर काही ठेवू नका. आणि कुणी तुमच्याशी बोलत असेल, तर त्याचा आवाज थांबला म्हणून लगेच उठून जाऊ नका. आणखी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसा.