सहा हजार एकशे चाळीसच्या वर

आमचं पडदे शिवायचं दुकान. दुपारी जेवणानंतर तासभर मशीन बंद, आणि त्या तासात सुनेचा मोबाइल माझा. हा खेळ तिनंच मला शिकवला. एक माणूस तळघरात उतरतो, राक्षस मारतो, बाटल्या पितो आणि मरतो. मरतोच. मेला की सगळं पहिल्यापासून. खोल्या नव्या, राक्षस नवे, बाटल्यांचे रंगसुद्धा बदललेले. काल निळ्या बाटलीत औषध होतं म्हणून आज निळी प्यायलात, तर गेलात. मागे राहतो फक्त गुणांचा आकडा.

पहिल्या नंबरावर सुनेचा आकडा, सहा हजार एकशे चाळीस. माझा पाच हजार नऊशे. मी चौथीत शाळा सोडली, पण आकडे मला चांगले कळतात. तीन महिने तो पहिला नंबर डोळ्यांत सलत होता. या घरात मी कशातच दुसरी नाही.

"आई, खेळच तर आहे," सून म्हणायची.

"पहिल्या नंबरावर बसून तुला तसंच वाटणार."

पण खरं सांगते, मरण्याचा कधी कंटाळा आला नाही. शिवण चुकून उसवली तर कापडावर सुईची भोकं राहतात. इथे दर वेळी कोरं कापड हातात. घ्या कात्री, लागा कामाला.

मंगळवारी खाली उतरत उतरत आठव्या मजल्यावर पोचले. आकडा सहा हजार शंभर. जीव नखाएवढा उरलेला, समोर दोन राक्षस, मागे भिंत. पिशवीत एकच बाटली, मोरपंखी, अजून न चाखलेली. सून खांद्यावरून वाकली.

"नका पिऊ, आई! इतक्या खाली बहुतेक विषच असतं. लढा सरळ."

"हो का? नंबर चालला म्हणून घसा कोरडा पडला वाटतं."

"तुमच्या भल्याचं सांगतेय!"

"माझं भलं माझं मी बघते."

प्यायले. विषच होतं.

"मेले गं बाई, मेले!"

शेजारचा इस्त्रीवाला धावत आत आला. "काकूंना काय झालं?"

"काही नाही, विष प्यायल्या," सून मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली. बिचारा दारातच मटकन बसला.

तेवढ्यात आकडा हलला. नवी बाटली चाखली की पन्नास गुण, मग ती जीव का घेईना. सहा हजार एकशे पन्नास!

"म्हणजे मी खरं सांगूनही हरले?" सून म्हणाली.

"तुझं ऐकलं असतं तर लढून मेले असते, आणि वर दुसरीच राहिले असते."

खेळानं नाव विचारलं. सुनेनं मोबाइल हातात घेतला. "काय लिहू?"

"आई लिही. मोठ्या अक्षरांत."

"अक्षरं एकाच मापाची असतात हो."

नाव लिहिलं, पण मोबाइल काही परत दिला नाही. स्टूल ओढून तिनं नवा डाव मांडला. मशीन सुरू करायची वेळ केव्हाच टळली होती. मी अवाक्षर काढलं नाही. म्हणजे, मशीनबद्दल. बाकी "अगं डावीकडे, डावीकडे बघ!" चालूच होतं.