सावलीतला कंदील

खुंटीवरून जाळं निघालं की त्याच्या काठाचे शिशाचे मणी खळकन वाजतात. दुपारच्या चिडीचूप घरात तो आवाज झाला आणि मला कळलं, मामाजी तलावावर निघाले. मामाजी म्हणजे माझे सासरे, मनसाराम. सावली तालुक्यातल्या आमच्या टोलीवर, म्हणजे मासेमार ढिवरांच्या वस्तीवर, मासोळ्यांतलं त्यांच्याएवढं कोणाला कळत नाही. बाकीचंही सगळं आपल्यालाच कळतं, असं ते समजतात.

टोलीवर विजेचे खांब येऊन चार वर्षं झाली. तार अजून यायची आहे, तोवर खांबांना बकऱ्या बांधतात. मग योजनेतून घरटी एक सोलर कंदील आला. देताना साहेब म्हणाले, "जपून वापरा." मामाजींनी वापरायचं सोडलं आणि जपायचं तेवढं धरलं. नायलॉनचं जाळं उन्हात ठेवलं तर सूत विरतं, म्हणून ढिवर ते सावलीत टांगतात. त्याच अकलेनं त्यांनी कंदिलाची प्लेट पोत्यात गुंडाळली आणि जाळ्याशेजारी टांगली. कंदील चार दिवस जळला, मेला आणि प्लेटशेजारी पोत्यात गेला.

"सरकारी माल," मामाजी म्हणाले.

मी सातवी शिकलेली. खोक्यातला कागद वाचला. न वाचणाऱ्यासाठी त्यावर सूर्याचं चित्रही होतं.

"मामाजी, प्लेटले ऊन दाखवा लागते."

"तू सोलरचं कॉलेज केली का? तालुक्याचं नावच सावली, अन् इले ऊन पायजे."

ओसरीवरचे सगळे हसले. माझा नवरा धनराजही हसला. बाप हसला की तो हसतो, आधी कधीच नाही.

त्याच आठवड्यात आचल रॉकेलच्या चिमणीवर कलंडली होती. पाच वर्षांची माझी पोर, कोपरावर चिंचोक्याएवढा चट्टा. सकाळी तिचं नाक पुसलं की पदराला काजळी लागते. मला तो कंदील सैपाकाच्या खोलीत हवा होता, एवढंच. आणि आता शुक्रवारी साहेब तपासायला येणार, बंद असलेले कंदील परत नेणार, असं कळलं.

म्हणून सोमवारपासून मणी वाजले की मी पोतं सोडायची, प्लेट परसात उन्हात मांडायची आणि तिची वायर कंदिलाला जोडायची. आचल शेजारी बसून कोंबड्या हाकलायची. झाडाची सावली सरकली की इवल्या हातांनी प्लेट सरकवायची, जशी काही बाहुलीच निजवते आहे. मामाजी परतायच्या आत प्लेट आणि कंदील पुन्हा पोत्यात.

"आबाजीले सांगायचं नाई," मी म्हणाले.

"नाई सांगत. पर तिले तहान नाई लागत का?"

गुरुवारी संध्याकाळी, मामाजी बाजारात असताना, दार लावून बटन दाबलं. खोली पांढरीशुभ्र झाली. मला तांदळातले खडे दिसले. आचलनं कंदिलाला नाक लावून वास घेतला आणि म्हणाली, "धूर नाई." मग स्वतःचे तळहात कितीतरी वेळ पाहत राहिली.

शुक्रवारी साहेब आले. मामाजींनी पोतं सोडलं, जरा भीतभीतच बटन दाबलं. कंदील लागला. पळभर ते बावचळले, मग छाती पुढे आली.

"जपून ठेवला, साहेब. एक दिवस ऊन लागू देल्लं नाई."

यावर साहेबांनी पोत्याला हात लावून पाहिला, मान डोलावली आणि वहीत 'उत्तम देखभाल' असं लिहिलं. प्लेट कशानं चालते हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

"मामाजी, आता कंदील सैपाकाच्या खोलीत ठेवू?"

"साहेबानं वाखाणलेली चीज चुलीपाशी? काऊन, वरणाले उजेड पायजे का?"

कंदील ओसरीवर टांगला गेला. त्याखाली पत्ते पिसले गेले. धनराजनं बापाकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, आमच्या बुवाले मशिनीतलं लय समजते.

मी आत चिमणी पेटवली. आचलला लांब बसवलं, तरी ती सरकत सरकत माझ्या मांडीशी आली. दाराच्या फटीतून पांढऱ्या उजेडाची एक रेघ आत पडली होती. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"आई, ऊन तं आपण देल्लं. मंग उजेड त्यायचा कसा?"